मीटरगेजवाले सेलूला आले

सेलूत ज्यांच्या घरी नाहीतर दुकानात फोन होता, त्या सगळ्यांना महादेवीचा आवाज ओळखीचा होता. चेहरा मात्र फार थोड्यांना माहीत होता. ही सत्त्याऐंशी सालातली गोष्ट. गावाचं टेलिफोन एक्स्चेंज तेव्हा हातानंच चालायचं. रिसीव्हर उचलला की आधी महादेवी बोलायची, "नंबर प्लीज." मग ती समोरच्या बोर्डात प्लगची दोरी खोचायची आणि मोंढ्यातला, म्हणजे घाऊक बाजारातला, अडत्या जिनिंगच्या मॅनेजरशी कापसाच्या भावाबद्दल भांडायला मोकळा व्हायचा. लोक तिला 'ऑपरेटर बाई' म्हणत. ती बाजारातून चालली तर कुणी ओळखत नसे, आणि तिला ते बरं वाटायचं.

महादेवी तिशीला टेकली होती. लग्न जमलं नव्हतं. वडील अण्णाराव गेल्यापासून घरात ती आणि तिची आई गौराबाई, दोघीच. भाऊ महालिंग सिकंदराबादला रेल्वेच्या कारखान्यात फिटर होता. दिवाळीला आला की तो बहिणीसाठी काहीतरी घेऊन यायचा. एका दिवाळीला त्यानं एक छोटा टेपरेकॉर्डर आणि एक कॅसेट आणली. कॅसेटवर वाफेच्या इंजिनाचं चित्र होतं आणि वर लिहिलं होतं, 'मीटरगेज'. महालिंगच्या खोलीमागच्या रेल्वे क्वार्टर्समधल्या पाचजणांनी मिळून काढलेला तो बँड होता. लग्नाच्या वरातीत वाजतो तसला नव्हे. विजेच्या गिटारी आणि ड्रम घेऊन स्वतःची गाणी म्हणणारा, रॉक म्हणतात तसला. चित्रात माणूस एकही नव्हता आणि नावंही छापलेली नव्हती.

पहिल्यांदा ऐकली तेव्हा महादेवीला तो नुसता गोंगाट वाटला. गाणी बरीचशी इंग्रजीत, गाणाऱ्याचा आवाज घसा बसल्यासारखा. पण दुसऱ्या बाजूला एक गाणं निघालं ते थेट दखनीत होतं. रेल चले गई, मैं यहींच रह गया. निजामाच्या राज्यात वाढलेल्या तिच्या वडिलांनी म्हणावं तसे ते शब्द. गाडी चुकलेला माणूस रिकाम्या फलाटावर बसून चहा पितो, बाकडं, सिग्नल, सांडलेला कापूस बघतो आणि हळूहळू त्याला वाटायला लागतं की राहिलो ते बरंच झालं. एवढंच गाणं. महादेवीनं ते पुन्हा लावलं, पुन्हा लावलं. मग त्या गाण्याच्या वाटेनं ती बाकीच्या गाण्यांत शिरली. इंग्रजी शब्द कळायचे नाहीत, पण ड्रम वाजवणाऱ्याचा हात कळायचा. तो कुठं थांबतो, कुठं मुद्दाम उशीर करतो, कुठं गाणाऱ्याला पुढं ढकलतो, हे तिला पाठ झालं. पीठ मळताना परातीवर आणि बोर्डावर बसली की लाकडाच्या कडेवर तिची बोटं चालायची. "डबडं बडवल्यावानी काय करायलीस?" असं गौराबाई विचारायची आणि महादेवी हात आवरून घ्यायची.

हा बँड एकदा समोर बसून ऐकायचा, असं तिच्या फार मनात होतं. पण सिकंदराबादला जायचं तर रजा मिळायची नाही, रजा मिळाली तर आईचे गुडघे दुखायचे. असं करता करता दोन-तीन दिवाळ्या गेल्या.

आणि मग हिवाळ्यात एका सकाळी, ड्यूटीवर जाताना, तिला टॉकीजच्या भिंतीवर कागद चिकटवलेला दिसला. 'सिकंदराबादचा सुप्रसिद्ध ऑर्केस्ट्रा मीटरगेज. रविवारी मोंढ्याच्या मैदानात.' ती रस्त्यातच उभी राहिली. मागून येणाऱ्या सायकलवाल्याला बाजूनं जावं लागलं.

टॉकीज किशनरावांची होती. किशनराव सिकंदराबादला नात्यातल्या एका लग्नाला गेले होते, तिथं रेल्वेच्या मैदानावर त्यांनी या बँडपुढं लोटलेली गर्दी बघितली आणि काही न विचारता त्यांना सेलूचं आमंत्रण देऊन टाकलं. सिनेमातली गाणी गाणारा ऑर्केस्ट्रा म्हणजे सेलूत हमखास चालणारी गोष्ट, असा त्यांचा हिशेब. पुढं कागद लागले, लोक विचारायला लागले की कोणत्या नटाची नक्कल करणार, कोणती गाणी म्हणणार. तेव्हा किशनरावांनी सिकंदराबादला चौकशी केली आणि त्यांना कळलं की ही मंडळी सिनेमातलं एकही गाणं म्हणत नाहीत. ही बातमी मोंढ्यात पसरली. तिकिटं टॉकीजच्या खिडकीत तशीच पडून राहिली.

हे सगळं महादेवीला कळलं ते एका ट्रंक कॉलमुळं. रविवार आठवड्यावर आला होता. किशनरावांनी सिकंदराबादचा कॉल बुक केला. परभणी, नांदेड असं करत लाईन जुळली, पण त्यात खरखर एवढी की दोन्ही बाजूंना एकमेकांचं काही ऐकू येईना. असं व्हायचं तेव्हा ऑपरेटर मध्ये पडून एकाचं बोलणं दुसऱ्याला सांगायची. तो कामाचाच भाग होता. महादेवीला दोन्ही आवाज ऐकू येत होते. तिकडून एक बाई बोलत होती, मोकळ्या, जाड आवाजाची. "हौ, मीटरगेज बोल रहे. बोलो सेलू," ती म्हणत होती.

"ऑपरेटर बाई," किशनराव म्हणाले, "तुमीच सांगा त्यान्ला. कार्यक्रम रद्द. यायचं काम न्हाई म्हणावं."

बोलणं या किंवा त्या बाजूला वळवायची बोर्डावर एक किल्ली असायची, महादेवीचा हात तिच्यावर होता. आपल्या आवडत्या बँडशी आयुष्यात पहिल्यांदा बोलायचं आणि बोलायचं तेही हेच, की येऊ नका. तिनं सिकंदराबादच्या बाईला थांबायला सांगितलं आणि किल्ली इकडच्या बाजूला केली.

"किशनकाका, मी अण्णारावांची महादेवी," ती म्हणाली. आजवर तिनं कुणालाही फोनवर नाव सांगितलं नव्हतं. "निरोप तर मला द्यावाच लागंल. पण द्यायच्या आधी एक इचारते. तुमी त्यांची गाणी ऐकलीत का?"

किशनरावांनी गर्दी बघितली होती, गाणी नीट ऐकली नव्हती. इंग्रजी होती एवढं त्यांना आठवत होतं. महादेवीनं त्यांना दखनीतल्या गाण्याबद्दल सांगितलं. म्हणाली, लोकांना तुम्ही ऑर्केस्ट्रा म्हणून सांगितलंत, ते खोटं निघालं म्हणून लोक रुसले. जे आहे तेच सांगा. बाजाराच्या दिवशी टांग्यावर भोंगा लावून ते गाणं ऐकवा. कॅसेट माझ्याकडं आहे.

"आन् भोंग्यावर सांगणार कोण? आमच्या पोऱ्याला एकच येतंय, ऑर्केस्ट्रा, ऑर्केस्ट्रा."

"मी सांगते," महादेवी म्हणाली. बोलून गेल्यावर तिची तीच दचकली.

किशनरावांनी बाजाराला किती दिवस उरलेत ते मोजलं. मग म्हणाले की ठीक आहे, बाजारापर्यंत थांबू. नाही जमलं तर रद्द. महादेवीनं किल्ली फिरवली आणि सिकंदराबादला शब्दाशब्दानं तेच सांगितलं, की अजून नक्की नाही, बाजार झाल्यावर कळवतो. तिकडची बाई हसली. "हम तो सामान बांधकेच बैठे अम्मा," ती म्हणाली. "तुम लोगां बोले तो आते, नक्को बोले तो नक्को."

घरी गेल्यावर महादेवीनं आईला सांगितलं. गौराबाईनं जेवणाचं ताट पुढं सरकवलं आणि सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली की टांग्यात बसून गावभर ओरडत हिंडणारी पोरगी आपल्या घराण्यात झाली नाही. आधीच लग्न जमत नाही, आता जमायची आशाही सोडायची. महादेवीनं उलट उत्तर दिलं नाही. पण बाजाराच्या दिवशी तिनं सुटी टाकली, टेपरेकॉर्डर पिशवीत घातला आणि टॉकीजवर गेली. त्या दिवसापासून गौराबाई लेकीशी बोलायची थांबली.

टांग्यावर भोंगा बांधला होता. महादेवीनं माईक तोंडाजवळ धरला आणि गर्दी बघून पहिल्यांदा खाली घेतला. मग तिनं डोळे मिटले, बोर्डापुढं बसलेय असं समजली आणि बोलायला लागली. किराणा दुकानदारांनी, अडत्यांनी, डॉक्टरांच्या कंपाउंडरनं माना वर केल्या. हा आवाज त्यांनी रोज कानाशी ऐकला होता. "आरे, ही तर आपली ऑपरेटर बाई," असं एकमेकांना सांगत लोक दुकानाच्या पायरीवर आले. ती सांगत होती की हा ऑर्केस्ट्रा नाही. सिनेमातलं गाणं एकही मिळणार नाही. यांची गाणी यांनीच केलीत, काही इंग्रजी आहेत आणि काही आपल्या बोलीतली आहेत. हे आधी ऐका आणि आवडलं तर या. मग ती टेपरेकॉर्डर माईकपुढं धरायची आणि रेल चले गई सुरू व्हायचं.

जिनिंगच्या फाटकाशी टांगा बराच वेळ थांबला. दुपारच्या सुटीत कापूस साफ करणाऱ्या बाया बाहेर सावलीला बसल्या होत्या, अंगाखांद्यावर कापसाचं भुरं. त्यांच्यातल्या सरजाबाईनं गाणं आणखी एकदा लावायला सांगितलं. सरजाबाई बायांची मुकादम होती, बोलायला फटकळ. तिनं भाकरी खात खात दुसऱ्यांदा ऐकलं आणि विचारलं, "गाडी चुकली तरी हा बाबा खूश कामून हाय?"

महादेवी म्हणाली की तेच तर गाणं आहे. सरजाबाईला ते पटलं असावं, कारण तिसऱ्या वेळी तिनं शेवटची ओळ बरोबर म्हटली आणि बाकीच्या बाया हसल्या. त्या संध्याकाळी टॉकीजच्या खिडकीत थोडी तरी माणसं उभी होती, आणि त्यातल्या बऱ्याच बाया होत्या. किशनरावांनी सिकंदराबादला कळवायला सांगितलं, या.

रविवारी सकाळी मीटरगेजवाले अरुंद रुळांच्या, मीटरगेजच्याच गाडीनं आले. त्या वर्षांत विद्यापीठाच्या नामांतरासाठी कधी मोर्चा, कधी बंद असं चालूच होतं. त्या दिवशी परभणीला मोर्चा होता, रस्ते अडले होते, एसटी बंद होती. पाथरीकडून, जिंतूरकडून कुणी येईल ही आशा किशनरावांनी सोडून दिली होती. ते स्टेशनवर आले ते तोंड पाडूनच. महादेवी त्यांच्या मागं उभी होती. नवं पातळ नेसली होती आणि चहाचा थर्मास घट्ट धरून होती.

गाडीतून खोकी उतरली, गिटारी उतरल्या, आणि चार पुरुष उतरले. पहिला उतरला तो व्हिक्टर, बँडचा म्होरक्या आणि गाणारा. महादेवीनं त्या आवाजाचा माणूस उंच, केस वाढवलेला असा मनात धरून ठेवला होता. हा ठेंगणा होता, डोक्यावरचे केस विरळ झालेले, आईनं विणल्यासारखा दिसणारा स्वेटर घातलेला, आणि रात्रभराच्या प्रवासानं वैतागलेला. तिला जरा वाईट वाटलं. सगळ्यात शेवटी एक बाई उतरली. चाळिशीची, सावळी, भरलेल्या दंडांची, पाठीवर जाड वेणी. तिच्या खांद्यावर काठ्यांची कातडी पिशवी होती.

"सेलूवाली तुमीच ना?" ती म्हणाली. महादेवीनं 'चहा घ्या' एवढंच म्हटलं होतं, तेवढ्यावरून तिनं आवाज ओळखला होता. "मैं डोरीन. फोनपे मैंच थी."

महादेवीनं विचारलं की तुम्ही बँडचं कामकाज बघता का. डोरीननं पिशवीतून काठ्या अर्ध्या बाहेर काढून दाखवल्या. "ड्रम बजाती अम्मा. शुरू से मैंच बजाती."

महादेवी थर्मास हातात घेऊन तशीच उभी राहिली. जो हात तिला पाठ होता, ज्याच्या मागं तिची बोटं परातीवर पळाली होती, तो या बाईचा होता. कॅसेटवर नाव नव्हतं, आणि तिच्याही मनात कधी आलं नव्हतं की ही बाई असू शकेल. तिला स्वतःचंच नवल वाटलं. मग इतकं हसू यायला लागलं की कपात चहा ओतताना सांडला.

चहा पिताना डोरीननं विचारलं की इथल्या लोकांना काय आवडेल. महादेवी म्हणाली, फलाटाचं गाणं पहिलं घ्या. ते लोकांनी ऐकलंय. व्हिक्टरनं ते ऐकलं आणि मान हलवली. सुरुवात नेहमी इंग्रजी गाण्यानंच होते, तीच राहील, असं त्यानं सांगितलं. डोरीननं त्याच्याकडं बघितलं, पण स्टेशनवर वाद घातला नाही.

थंडीचे दिवस म्हणून कार्यक्रम दुपार कलल्यावर ठेवला होता. मोंढ्याच्या मैदानात कापसाच्या गाड्या एका बाजूला लावून मंडप घातला होता. माणसं जमली ती मंडप अर्धा भरेल एवढी. पुढं अडते आणि त्यांची कॉलेजातली पोरं, डाव्या हाताला जिनिंगच्या बाया. सरजाबाईचा थोरला मुलगा मोर्चाला परभणीला गेला होता. कुणीतरी तिला त्यावरून टोकलं तेव्हा ती म्हणाली, "तो त्याच्या कामाला गेला, मी माझ्या." महादेवी बायांच्या कडेला बसली. थोड्या वेळानं तिच्या शेजारी कुणीतरी हुं करत बसलं. ती गौराबाई होती. कपाळावर विभूती, अंगावर ठेवणीतली शाल. लेकीकडं न बघता, स्वतःशीच बोलावं तसं ती म्हणाली, "लोक काय म्हणायलेत ते घरी बसून कशाला ऐकू. हितंच ऐकते."

पहिलं गाणं सुरू झालं आणि महादेवीच्या छातीत काहीतरी धडकलं. आजवर तिनं हा बँड तळहाताएवढ्या स्पीकरमधून ऐकला होता. आता तोच आवाज मांडीखालच्या सतरंजीतून, बांबूतून, दातांतून येत होता. तिनं नकळत छातीवर हात ठेवला. गाणं तेच होतं, पण कॅसेटपेक्षा भरभर चाललं होतं, आणि मधलं एक कडवं व्हिक्टर चक्क विसरला. तिला आधी ते खटकलं. मग तिनं बघितलं की त्याचं चुकल्याबरोबर डोरीननं एक ठोका लांबवला आणि त्याला पाय टेकायला जागा करून दिली. हे कॅसेटवर कधी घडलं नव्हतं. हे आत्ता, इथं, मोंढ्यात घडलं होतं, आणि तिला ते दिसलं होतं.

पण लोकांना ते दिसत नव्हतं. गाणं संपल्यावर टाळ्या तुरळक पडल्या. व्हिक्टरनं दुसरंही इंग्रजीच घेतलं. कॉलेजातल्या पोरांनी सिनेमातल्या गाण्यांची फर्माईश सुरू केली. मागची काही माणसं उठली, चपला शोधायला लागली. किशनराव मंडपाच्या खांबाशी उभे होते, त्यांनी महादेवीकडं एकदा बघितलं आणि मान फिरवली. महादेवीचे कान तापले. आपणच या लोकांना बोलावलं, आपणच गावाला बोलावलं, आणि दोघांचीही फजिती आपल्यामुळं होतेय, असं तिला वाटलं. तिनं पुढं बघणंच सोडलं.

व्हिक्टरनं तिसऱ्या गाण्याचं नाव इंग्रजीत सांगितलं. त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत मंचावरून घण्ण असा आवाज आला.

महादेवीनं मान वर केली. डोरीनच्या उजव्या हाताला लोखंडी स्टँडवर रुळाचा एक तुकडा टांगलेला होता, स्टेशनात गाडी सुटल्याची घंटा देतात तसला. तिनं काठी ठेवून हातोडी घेतली होती आणि ती त्या तुकड्यावर मारत होती. घण्ण, थांबून पुन्हा घण्ण. रेल चले गईच्या सुरुवातीला कॅसेटमध्ये बारीक टिंग टिंग ऐकू यायचं. महादेवीला वाटायचं कुणीतरी चहाच्या कपावर चमचा वाजवतंय. तो हा रूळ होता. व्हिक्टर मागं वळला आणि काहीतरी बोलला. डोरीननं त्याच्याकडं बघितलंही नाही. डाव्या हातानं तिनं ताल धरला, गाडीच्या चाकांचा, आणि तो सोडलाच नाही. गिटारवाल्या पोरानं हसून खाली बघितलं आणि तो तिच्या मागं गेला. मग व्हिक्टरला तेच गायल्यावाचून इलाज उरला नाही.

चपला शोधणारी माणसं वाकलेली तशीच थांबली. स्टेशनची घंटा सेलूत कुणाला ओळखू येणार नाही? गाणं पहिल्या ओळीवर आलं आणि डाव्या बाजूनं सरजाबाईनं ती ओळ उचलली. तिचा आवाज काही गोड नव्हता, शेताच्या ह्या बांधावरून त्या बांधाला हाक मारायचा आवाज होता. तिच्यामागं बाकीच्या बाया. दुसऱ्या खेपेला अडत्यांची पोरं. व्हिक्टर एका क्षणी गायचा थांबला. मोंढा गात होता आणि तो माईक खाली धरून ऐकत होता. त्याच्या वैतागलेल्या तोंडावर असं हसू आलं, की महादेवीला स्टेशनवर झालेला स्वतःचा हिरमोड आठवला आणि लाज वाटली. ठेंगणा असला, स्वेटर घातलेला असला, तरी ते गाणं यानंच केलं होतं. गाडी खरंच चुकली असणार याची, कधीतरी.

ती गात नव्हती. तिला वाटलं होतं, बँड समोर आला की आपण सगळी गाणी बरोबर म्हणू. पण ती नुसती बघत होती. डोरीनचा खांदा आधी हलतो, मग कोपर, आणि मनगट शेवटी. पाय वेगळंच बोलतो. डोळे मात्र कुठंच बघत नाहीत. आणि शेजारी गौराबाईचा तळवा तिच्या दुखऱ्या गुडघ्यावर पडत होता, ठोक्याला ठोका. लेकीचं लक्ष गेलेलं तिला कळलं, तरी तिनं हात थांबवला नाही.

त्या एका गाण्यावर मंडप सावरला. नंतरची इंग्रजी गाणीही लोकांनी ऐकून घेतली, काही नुसती सभ्यपणानं, काही खरोखर. शेवटी पुन्हा फलाटाचंच गाणं मागितलं गेलं. ऊन उतरलं, मोंढ्यातल्या गाड्यांच्या सावल्या लांब झाल्या तेव्हा कार्यक्रम संपला. बंद होता म्हणून मंडप अर्धाच राहिला, पण आलेला माणूस उठून गेला नाही, असं किशनराव पुढं कितीतरी दिवस भेटेल त्याला सांगत राहिले.

लोक पांगल्यावर महादेवी मंचाजवळ गेली. डोरीन ड्रमचे स्क्रू सैल करत होती. महादेवीला खूप काही सांगायचं होतं, पण निघालं एवढंच, की मी तुमचा हात ओळखत होते, तुम्हाला नाही. डोरीननं तिच्याकडं नीट बघितलं आणि स्टुलावरून उठली. "बैठो," ती म्हणाली.

महादेवी पातळ सावरून बसली. काठ्या वाटल्या त्यापेक्षा हलक्या होत्या. तिनं मारलं आणि जो आवाज निघाला तो पत्र्यावर दगड पडल्यासारखा होता. पाय तर भलत्याच वेळी पडला. खोकी उचलणारी पोरं हसली, डोरीन हसली आणि महादेवीही हसली. पण डोरीननं मागून तिची मनगटं धरली, सैल सोडायला लावली, आणि तिच्या हातांनी चार ठोके मारून घेतले. ते चार ठोके बरोबर पडले. ते कुणाचे होते हे सांगता आलं नसतं.

गौराबाई मंचाखाली उभी राहून हे सगळं बघत होती. तिनं डोरीनला खाली बोलावलं आणि तिचा हात हातात घेऊन तळवा उलटा करून बघितला. तळव्यावर घट्टे होते, जात्याच्या खुंट्यानं पडतात तसे. "करडीचं तेल लावत जा बाई, कोमट करून," ती म्हणाली. डोरीनला मराठी सगळं कळलं नाही, पण तेल कळलं. ती म्हणाली, हौ अम्मा, लगाती.

बँडवाले त्याच संध्याकाळच्या गाडीनं पूर्णेकडं गेले. घरी जाताना गौराबाई लेकीशी बोलली. कार्यक्रमाबद्दल नाही, उद्या सकाळची ड्यूटी आहे का, भाजीला काय आणायचं, एवढंच. पण बोलली.

पुढचे काही दिवस महादेवी बोर्डावर बसली की लोक नंबर मागायच्या आधी रविवारबद्दल बोलायचे. ती ऐकून घ्यायची आणि लाईन जोडून द्यायची. तिच्या मनात वेगळंच चाललं होतं. सेलूत लग्नाच्या वरातीत वाजवणारी एक बँडपार्टी होती, स्टेशनरस्त्याला. तिचे मास्तर दत्तराव. दत्तराव साईड ड्रम वाजवायचे, आणि त्यांच्याकडं शिकायला फक्त घरातली, भावकीतली मुलं यायची. एका दुपारी ड्यूटी संपल्यावर ती सरळ त्यांच्या अंगणात गेली. दत्तराव वरातीच्या लाल कोटाला बटण लावत बसले होते. तिनं सांगितलं की ड्रम शिकायचा आहे.

दत्तरावांनी कुणाला शिकायचा आहे असं विचारलं. पोराला का, पुतण्याला?

"मला," महादेवी म्हणाली.

त्यांनी सुई कोटातच टोचून ठेवली. असं कधी झालं नाही, लोक नावं ठेवतील, वरातीत बाई कशी चालेल, असं बरंच काही ते बोलले. महादेवी म्हणाली की वरातीत चालायचंच असं नाही. आधी शिकू तर द्या. तिनं आवाज चढवला नाही. दत्तराव मान तिरकी करून ऐकत राहिले. मग त्यांनी विचारलं, "टांग्यातून भोंग्यावर बोलायलत्या त्या तुमीच का?"

ती हो म्हणाली. दत्तरावांनी आत हाक मारून चहा सांगितला आणि भिंतीवरचा ड्रम काढला. कातडं जुनं होतं, एका कडेला ठिगळ होतं. पट्टा त्यांनी तिच्या खांद्यावरून घातला आणि लांबीला कमी करून दिला. काठ्या कशा धरायच्या ते दाखवलं. रस्त्यानं जाणारी दोन-चार माणसं कुंपणाशी थांबली होती. महादेवीनं त्यांच्याकडं एकदा बघितलं आणि मग बघायचं सोडून दिलं.

"जोर नका लावू," दत्तराव म्हणाले. "काठी सोतानं उडती. तिला उडू द्या फक्त. हं, डावा."

महादेवीनं डावा हात टाकला.